यकृतातला हमाल

मी एक विकर आहे, म्हणजे एन्झाइम, आणि तसा जुना. मित्रांनो, तुमच्या हिशोबाने मी काही फार जुना नव्हे, पण आमचे आयुष्यच लहान. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या यकृतात, एका पेशीत माझा जन्म झाला. एका रेणूवरचा अमिनो गट, म्हणजे नायट्रोजन असलेला छोटा तुकडा, उचलायचा आणि दुसऱ्यावर नेऊन ठेवायचा, हे माझे काम. कामाच्या नादात बाई जेवायची विसरली, की आमची धांदल उडे. आम्ही गट हलवले, की उरलेल्या भागातून यकृत साखर बनवी आणि तिचे पाय मशीनवर चालत राहत. आमचे नावही तिला ठाऊक नव्हते. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

मग तिचे गुडघे धरले. थोरली बहीण घरोघरी एक पूड विकत असे, ती घेऊन आली.

"झाडपाल्याची आहे गं, अपाय कसला?"

सख्खी बहीणच ती. बाईने डोळे मिटून विश्वास ठेवला. गुडघ्यांना उतारही पडला, पण आमच्याकडे ती पूड वैऱ्यासारखी आली. शेजारच्या पेशी फुटल्या, मग माझीही. जिच्यासाठी राबलो, तिच्याच हातून हे व्हावे, हे मला फार लागले. मी रक्तात फेकला गेलो. तिथे मला काहीच काम नव्हते.

बाईचे डोळे पिवळे झाले. तपासणीत माझे भाईबंद रक्तात भरमसाट सापडले.

"यकृताला इजा झाली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बाहेरचं काही औषध घेता का?"

बाई तोंड उघडणार, तोच शेजारी बसलेली बहीण म्हणाली, "छे, ती काहीच घेत नाही."

 बाईचे काळीज असे धडधडले, की रक्तात मला धक्का बसला. मग तिने पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली. "हे घेते. हिनंच दिलंय."

"मला तरी काय माहीत होतं?" बहीण पुटपुटली.

"गुडघे तर तुझेही दुखतात, ताई. तू का नाही घेतलीस?"



पूड बंद झाली. यकृत मोठ्या मनाचे, ते नव्या पेशी घडवू लागले आहे. काल बहीण दारात आली. बाईने तिला पाणी दिले, पण तिने आणलेले काही घेतले नाही. मला मात्र परतीची वाट नाही. मी इथेच विरून जाईन.

मित्रांनो, देणाऱ्याचे नाते बघून काहीही पोटात घालू नका. तुमच्या आत कुणीतरी निमूटपणे राबते आहे, आणि त्याला दुसरे घर नाही.