बागेच्या कोपऱ्यातला नळ

रुपरावांचा फोन आला तेव्हा शोभाताई पोळ्या लाटत होत्या.

"ताई, जरा बागेकडं या. नळावर एक माणूस लुगडी धुऊन राहिला."

"कोणाची लुगडी?"

"आता ते मी काय विचारू? सचिव तुम्ही आहात."

शोभाताईंनी गॅस बंद केला, हाताचं पीठ झटकलं आणि डोक्यावर ओढणीसारखा पदर घेऊन निघाल्या. मे महिना होता. सकाळचे नऊही वाजले नव्हते, तरी डांबराचा वास येऊ लागला होता.

त्यांची गल्ली नागपुरात, धंतोलीतल्या दवाखान्यांच्या मागच्या अंगाला होती. पुढच्या रस्त्यावर दवाखाने, पॅथॉलॉजी, औषधांची दुकानं. मागे ही जुनी घरं. गावोगावचे पेशंट आत खाटेवर असत आणि त्यांची माणसं बाहेर, जिथे सावली मिळेल तिथे. ती गल्लीत यायची. कोणाच्या ओट्यावर आडवी व्हायची, कोणाच्या फाटकासमोर गाडी लावायची. शेवटी नागरिक मंडळाने गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं आणि त्यावर नियमांची पाटी लावली. गाडी लावू नये, झोपू नये, बागेत चूल पेटवू नये, झाडांच्या नळावर आंघोळ आणि धुणं करू नये. पाटीचा मजकूर शोभाताईंनीच पेंटरला लिहून दिला होता.

मंडळाचं सचिवपद त्यांच्याकडे आलं ते त्या सभेला उशिरा पोचल्या म्हणून. पोचेपर्यंत त्यांचं नाव ठरून गेलेलं होतं. सुरुवातीला बरं वाटलं होतं. लोक नावानिशी ओळखायचे. आता मात्र फोन वाजला की त्यांना आधी कंटाळा यायचा, मग तोंडातून आवाज. गडर तुंबली, शोभाताई. कुत्रं अंगावर आलं, शोभाताई. शेजाऱ्याच्या एसीचं पाणी आमच्या तुळशीत पडतं, शोभाताई.

नळाखाली साठीचा एक माणूस उकिडवा बसला होता. अंगात बंडी, पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला. समोर फरशीवर हिरवं लुगडं पसरून तो ते दोन्ही हातांनी घासत होता, बैलाची पाठ घासावी तसं. साबणाचा फेस बागेबाहेर निघून गल्लीच्या उताराला लागला होता.

"भाऊ, हा नळ झाडांसाठी आहे. इथं धुणं करता येत नाही."

तो चटकन उभा राहिला. हात ओले होते म्हणून ते शरीरापासून दूर धरले.

"हो जी बाई. पाटी वाचली मी."

"मग?"

"दवाखान्यात धुवाले मनाई हाय."

"धोब्याकडं द्यायचे."

"देल्ले होते. त्यानं वापस केले." त्याने मान खाली घातली. "खराब राह्यतात जी कपडे. बायकोचं पोटाचं आपरेशन झालं. जखम भरून नाही राहिली. दिवसातून तीन-चार डाव लुगडं बदलवा लागते."

शोभाताईंनी घरून येताना जे बोलायचं ठरवलं होतं, ते आता बोलवेना. तरी सवयीने त्या म्हणाल्या, "घरचं बाईमाणूस कोणी नाही का सोबत?"

"सून बाळंतीन हाय. पोरगा पिंटू तिकडं गावी, कुहीले हाय; उन्हाळी धान कापणीले आलं. म्हून मीच राह्यतो."

"आजचं आटपा. उद्यापासून नको."

"हो जी," तो म्हणाला आणि घाईघाईने लुगडं पिळू लागला. साबण अजून पुरता निघालाच नव्हता.

त्याचं नाव मनोहरराव. हे त्यांना नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी तो नळावर दिसला नाही. पण उतारावर फेस वाळून पांढरा पट्टा उमटला होता, म्हणजे लोक उठायच्या आत येऊन गेला होता. शोभाताईंनी तो पट्टा पाहिला आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी रुपरावांनी प्लंबर बोलावला, नळाची तोटी काढून घेतली आणि तिथे बूच मारलं. रुपराव मंडळाचे अध्यक्ष. त्यांना कोणाला विचारायची गरज नव्हती. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून त्यांनी लिहिलं, 'समस्या निकाली.' खाली अंगठ्यांची रांग लागली.

त्या दुपारी शोभाताई औषध आणायला निघाल्या, तर मनोहरराव बागेच्या कोपऱ्यात उभा. हातात झाकलेली बादली, नजर बुचाकडे. तो चिडलेला नव्हता. कोणाला शोधतही नव्हता. पुढे काय करायचं तेच त्याला सुचत नसावं.

शोभाताई त्याला ओलांडून गेल्या. पाच-सात घरं पुढे गेल्यावर थांबल्या. ऊन इतकं होतं की थांबणं शक्य नव्हतं. परत फिरावं लागलं.

"या माझ्या मागं," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्याला बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात नेलं. तिथे नळ होता, धुण्याचा दगड होता आणि दुपारनंतर सावली यायची. मनोहररावाने बादलीवरचं फडकं काढलं तसा वास आला. त्यानेच तोंड फिरवलं, लाजून.

"आधी थंड पाण्यात भिजू घाला," शोभाताई म्हणाल्या. "गरम पाणी लावू नका, डाग बसतो. आणि असं उलगडून नाही घासायचं. दुमडून, काठाकडून."

"मले येत नाही जी हे. कधी केलंच नाही."

"दिसून राहिलं ते."

तो हसला. शोभाताईंनी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

आतून नवऱ्याचा, ओमप्रकाशांचा आवाज आला. इतवारीतलं दुकान मुलाच्या, अंकितच्या हाती सोपवल्यापासून ते दिवसभर कूलरपुढच्या सोफ्यावर असत. "कोण आहे गं?"

"कुहीचे आहेत."

"आपल्या घरी काहून?"

शोभाताई पायरीवर बसल्या आणि तो दुमडून, काठाकडून घासत होता ते पाहत राहिल्या.

मग तो रोज येऊ लागला. दुपारी, गल्ली झोपलेली असताना. बोळाचं दार उघडं असायचं. धुऊन झालं की दगड स्वच्छ करून जायचा. एकदा त्याने जांभळाच्या झाडाखालचा सगळा पालापाचोळा झाडून ठेवला होता, न सांगता. शोभाताई म्हणाल्या, "हे कायले केलं?" तर म्हणाला, "लुगडं वाळतपर्यंत काय करू?"

एका संध्याकाळी शोभाताई त्याच्या बायकोला भेटायला गेल्या. सोबत काय न्यावं कळेना म्हणून दोन जुनी सुती पातळं नेली, मऊ झालेली. प्रेमिला खाटेवर कुशीवर निजली होती. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे जागे होते.

"तुम्हीच काय त्या बाई?" ती म्हणाली. "बसा जी. मायबाई, तुमच्या मोरीत माह्ये कपडे धुवून राहिले हे. मले लाज वाटते."

"त्यात काय लाज?"

"गावात समजलं तं हसतील ह्यायले." मग आवाज बारीक करून ती म्हणाली, "पह्यल्या दिवशी वल्लंच लुगडं घडी करून आणलं. मी म्हटलं, अहो, वाळवा लागते. तं म्हणे, इथं कुठं वाळवू, सारा सिमिटच हाय."

ती हसायला लागली आणि पोटाला कळ लागून थांबली. मनोहररावाने तिच्या पोटाशी उशी धरली. शोभाताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. आपण आजारी पडलो तर काय, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता असं नाही. मागच्या थंडीत त्यांना ताप आला होता, तेव्हा ओमप्रकाशांनी डबा लावला होता आणि दर जेवणाला दारातून विचारलं होतं, "उठवतं का तुला?"

गल्लीत गोष्ट लपत नाही. कोणीतरी गच्चीवरून पाहिलंच. ग्रुपवर नाव न घेता लिहून आलं की नियम फक्त बाकीच्यांसाठी असतात का, सचिवांनी खुलासा करावा. संध्याकाळी रुपराव घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणीही घेतलं नाही.

"ताई, मी भांडाले नाही आलो."

"बोला ना."

"आई घसरली होती. त्या फेसावरून, आमच्या फाटकाजवळ. मुका मार लागला, हाड वाचलं. चौऱ्याऐंशी वय आहे तिचं. ग्रुपवर टाकलं असतं तर लोक त्या माणसाच्या अंगावर गेले असते, म्हणून गुपचूप बूच मारलं." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्हाला वाटत असंल, रुपराव दुष्ट आहे."

शोभाताईंना हेच वाटत होतं. आता तेही वाटेना. कोणावर तरी राग धरला असता तर निदान ताकद आली असती.

"सभा बोलवा," त्या म्हणाल्या.

रविवारी समाजभवनात सभा झाली. पंखे गरम हवा फिरवत होते. पंधरा-वीस माणसं आली, त्यातली निम्मी मोबाइलमध्ये. कोणी म्हणालं, आज एक आला, उद्या शंभर येतील. कोणी म्हणालं, इन्फेक्शनचं काय. कोणी विचारलं, पाटी काय शोभेला लावली? शोभाताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि उभ्या राहिल्या.

"मी नियम मोडला. तो मीच लिहिला होता, हेही खरं. मले आता हे काम होत नाही. दुसरं कोणी घ्या."

ज्यांनी मोबाइल ठेवले होते त्यांनी परत उचलले. एक गृहस्थ खिडकीबाहेर काही महत्त्वाचं दिसल्यासारखे बघू लागले. शोभाताई उभ्याच होत्या. पंखा टक टक करत होता.

"तसं टोकाचं काही नाही ना, ताई," शेवटी कोणीतरी म्हणालं. "तुमच्याशिवाय कोण करणार?"

"कोणीच नाही?"

कोणीच नाही. त्यांना हसू आलं, आणि त्यामागोमाग इतका थकवा आला की त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"मग ऐका. तोटी परत लागेल. सकाळ-संध्याकाळ नळ चालू राहील, बाकी वेळ कुलूप. नळाखाली धुण्याचा दगड बसवू. पाणी उतारावर जाणार नाही. पाइप टाकून सरळ गडरच्या चेंबरमध्ये सोडू. रुपरावजी, तुमच्या फाटकासमोर एक थेंब येणार नाही. आला तर मी येऊन पुसीन."

सगळ्यांनी रुपरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाइप जाडा टाका. बारका तुंबतो."

हीच मंजुरी समजली गेली. सभा संपली. ज्याला त्याला घरी जाऊन कूलरपुढे बसायचं होतं.

प्लंबरला यायला वेळ लागला. एकदा तो आला तर चेंबरचं झाकण उघडेना, एकदा पाइपचा जोड मिळेना. शोभाताई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. न राहिल्या तर तो निघून जायचा. रुपरावही एकदा छत्री घेऊन आले आणि पाइपची जाडी बोटांनी मोजून गेले. शेवटी एका सकाळी तोटीतून पाणी आलं, दगडावरून वाहिलं आणि पाइपात गेलं. उतार कोरडा राहिला.

ते सांगायला शोभाताई दवाखान्यात गेल्या, तर मनोहरराव पिशव्या बांधत होता.

"सुट्टी झाली जी," तो म्हणाला. "डाक्टर म्हणे, आता घरीच डरेसिंग करा. गावात सिस्टर येऊन करन. जखम भराले टाइम लागन म्हणे."

"किती?"

"ते नाही सांगत कोणी."

शोभाताई आणि एका आयाबाईने मिळून प्रेमिलाला उठवलं. तिने शोभाताईंनी दिलेलं पातळ नेसलं होतं. मनोहररावाने ते स्वतः धुतलं होतं. काठ चुरगळलेला होता, पण एकही डाग नव्हता. खाली पिंटूने गाडी आणली होती. मागच्या सीटवर चादर, तिच्यावर उशा. प्रेमिलाला आत निजवताना ती शोभाताईंचा हात सोडेना.

"धान घरी आलं की तांदूळ पाठवू, बाई. नाही म्हणू नका."

"पाठवा," शोभाताई म्हणाल्या.

"नळ सुरू झाला जी?" मनोहररावाने गाडीत बसता बसता विचारलं.

"झाला."

त्याने मान हलवली. त्याला बरं वाटलं की वाईट, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. बहुधा त्याचं लक्ष बायकोच्या डोक्याखालच्या उशीकडे होतं. गाडी हळूहळू पुढच्या गाड्यांमध्ये शिरली आणि सिग्नलपाशी दिसेनाशी झाली.

शोभाताई परत निघाल्या. घरी स्वयंपाक व्हायचा होता. पण कोपऱ्यावर कडुनिंबाखाली रसवंतीची गाडी होती, आणि बाकडं रिकामं होतं. त्या बसल्या. इतकी वर्षं याच रस्त्याने येता-जाताना त्या इथे कधी बसल्या नव्हत्या. बाजूला एक म्हातारा एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेऊन पेंगत होता. त्याला धक्का लागू नये म्हणून त्या थोड्या सरकल्या.

"बर्फ टाकू का काकू?" रसवाल्याने विचारलं.

"टाक," शोभाताई म्हणाल्या. "जास्तच टाक."