डाव्या चाकातले सासरे

सासरे वारले त्याच्या तिसऱ्या आठवड्यात ते गाडीतून बोलायला लागले. डाव्या चाकातून.

जावयाच्या ते आधी लक्षातच आलं नाही. तो गाडी चालवत होता, म्हणजे खरं तर गाडीची मनधरणी करत होता. वीस वर्षांची ती उंच, चौकोनी एसयूव्ही सासऱ्यांची. स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं तरी तिच्यावर काही परिणाम व्हायचा नाही. मग जरा विचार करून, तुम्ही म्हणताय म्हणून, अशी ती वळायची. हात सैल सोडला की आपली आपण डावीकडे निघायची. सीटवर सासऱ्यांच्या बैठकीचा खड्डा तसाच होता आणि जावई त्या खड्ड्यात मावत नव्हता. आरसा त्याने कितीही स्वतःच्या उंचीला लावला तरी दोन चौक ओलांडेपर्यंत तो हळूहळू खाली येऊन सासऱ्यांच्या उंचीला थांबायचा.

शेजारी सासूबाई. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. पोस्टासमोरचा स्पीडब्रेकर आला आणि त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "ह्यांचा चष्मा देऊन टाकावा का कुणाला?"

त्यांच्या पायाखालून आवाज आला. टक.

"हो म्हणाले," सासूबाई म्हणाल्या आणि काच खाली करून बाहेर बघत बसल्या, जणू नवऱ्याने आतल्या खोलीतून उत्तर दिलं होतं.

जावयाने स्टिअरिंग घट्ट धरलं. कारण तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो आवाज त्यानेच बनवला होता.

जावई कवळ्या तयार करायचा. डेंटिस्ट मापं पाठवायचे, हा आपल्या छोट्या खोलीत बसून दात लावायचा. लग्नानंतर सहा महिन्यांनी सासऱ्यांची कवळी त्याच्याकडे आली. आयुष्यात कधी घेतली नसेल एवढी काळजी घेऊन त्याने ती केली, आणि म्हणूनच ती बिघडली. अर्धा मिलिमीटर सैल झाली. सासरे वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांची हयात गेली होती. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी कवळी बसवली, जावयाकडे पाहिलं आणि जबडा मिटला. टक.

तेव्हापासून त्यांनी बोलणं जवळपास सोडूनच दिलं. हो असेल तर एकदा टक. नाही असेल तर टक टक. बाजारात सासरे नुसते तराजूसमोर उभे राहून टक टक करायचे आणि दुकानदाराचा चेहरा पांढरा पडायचा.

"बाबा, द्या ना, नीट करून देतो. दहा मिनिटांचं काम आहे," असं जावयाने तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं, टक टक. जावयाने त्याचा अर्थ असा घेतला की सासऱ्यांना आपली चूक आयुष्यभर वाजवून दाखवायची आहे. आणि आता आयुष्य संपल्यावरही.

कवळी अजून कपाटात होती, काचेच्या ग्लासात. सासूबाई रोज सकाळी त्याचं पाणी बदलायच्या.

पोस्टासमोरचा स्पीडब्रेकर मग घरातला कर्ता पुरुष झाला. मोठं कपाट वरच्या खोलीत न्यायचं का? टक टक. ह्यांचे कोट मोलकरणीच्या नवऱ्याला द्यायचे का? टक. जावयाची बायको ऑफिसात असायची, तिने एकदा संध्याकाळी हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मला यात ओढू नका. जिवंत होते तेव्हा मी त्यांना कंटाळले होते. आता गाडीला कंटाळायला मला वेळ नाही."

दोनेक महिन्यांनी जावयाला शोध लागला. स्पीडब्रेकरवर गाडी सरळ, ब्रेक न लावता, रांगत नेली की एक टक यायचा. ऐन उंचवट्यावर ब्रेकला नुसता पाय लावला की दोन. सासरे त्याच्या उजव्या पायात होते.

हा शोध लागल्यावर कुठलाही सज्जन माणूस गप्प बसला असता. जावईही गप्पच बसला, आणि वापरायला लागला. सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची भीती होती. वर्षानुवर्षं त्या पुढे ढकलत होत्या. त्यांनी विचारलं, "करू का हो?" जावयाने पाय अलगद उचलला. टक. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, छान झाली. मग एकदा सासूबाईंनी विचारलं, "जावईबापूंनी रोज पहाटे उठून कुंड्यांना पाणी घालावं का?" तेव्हा त्याने ब्रेकवर चांगला दोन्ही टाचांनी जोर दिला.

"नाही म्हणाले," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्या जोरात पहिल्यांदाच म्हणाले."

हे असंच चाललं असतं, पण डाव्या टायरची आतली कड झिजून तारा दिसायला लागल्या. एका सकाळी जावई गाडी घेऊन गॅरेजात गेला. तिथला मेस्त्री नेहमी अंत्ययात्रेत चालल्यासारखा हळू चालायचा आणि बोलायचाही तसंच. त्याने जॅक लावला, डावं चाक जमिनीपासून उचललं, वरून आणि खालून धरलं आणि हलवलं. टक. परत हलवलं. टक.

"बापरे," जावई पुटपुटला.

"ऐकलंत ना? खालचा बॉल जॉइंट. हाडाची गोटी असते ना खुब्यात, तसा असतो. तुमचा खुबा गेलाय." मेस्त्रीने बॅटरी मारून दाखवलं. रबराची टोपी फाटली होती, आत ग्रीसऐवजी माती आणि गंज. "बाकीचं चालेल. स्टिअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, मी काढून देतो. पण ही गोटी कुठल्याही दिवशी बाहेर येणार. मग चाक एकीकडे आणि तुम्ही एकीकडे."

"कुठल्याही दिवशी म्हणजे?"

"म्हणजे मी असतो तर इथून चालत गेलो असतो."

हलणारा दात ठेवायचा नसतो, हे जावयाला कुणापेक्षाही जास्त कळत होतं. तो तरीही गाडी घेऊनच घरी गेला, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने त्याला ओलांडताना मागे वळून नीट बघून घेतलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तो भाग काढला की हे बोलायचे थांबणार."

"आई, तो भाग नाही काढला तर आपण बोलायचे थांबणार."

"तुम्ही मला समजावू नका, जावईबापू. मी ह्यांना विचारते. हो म्हणाले तर आजच गाडी गॅरेजात टाका. नाही म्हणाले तर मी त्याच गाडीतून फिरणार, चाक पडो नाहीतर आभाळ."

जावयाला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची लाजही वाटली. एक टक काढायचा होता. ते काम त्याने डझनभर वेळा केलं होतं. पोस्ट गॅरेजच्या वाटेवरच होतं. रांगत जायचं, टक घ्यायचा, रांगत पुढे जायचं.

सकाळचे साडेअकरा. रस्ता मोकळा. जावयाने पहिला गिअर टाकला, स्टिअरिंग सरळ धरलं, ब्रेकवरचा पाय उचलून चक्क सीटखाली घेतला.

"अहो," सासूबाई डॅशबोर्डकडे बघून म्हणाल्या, "चाक दुरुस्त करू का?"

पुढची चाकं चढली, उतरली.

टक. टक.

"नाही म्हणाले."

"चुकून आला दुसरा," जावई म्हणाला. "खडा असेल."

तो वळसा घालून परत आला. उजवा पाय त्याने डाव्या पायाखाली दाबून धरला. सासूबाईंनी विचारलं. टक. टक. जावयाने आरशात पाहिलं, पण आरसा सासऱ्यांच्या उंचीला आला होता आणि त्यात त्याला फक्त स्वतःचं तोंड दिसलं, मिटलेलं.

तिसऱ्यांदा आला तेव्हा पोस्टातला तिकिटं विकणारा कारकून खिडकी सोडून पायरीवर येऊन उभा राहिला होता. टक. टक. कारकुनाने सहानुभूतीने मान हलवली.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "तीनदा विचारलं. ह्यांचं माप तीनदा घेतलं तरी बदलत नसे. चला घरी."

जावयाने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. घरापर्यंत उतार होता, वळण होतं, शाळा होती. आता लपवाछपवीत अर्थ नव्हता.

"आई, बाबा कधीच बोलत नव्हते. मी बोलत होतो. ब्रेक लावला की दोन, सोडला की एक. तुमचं ऑपरेशन मी ठरवलं. कुंड्यांचं मी ठरवलं. मी तुम्हाला फसवलं. मारा हवं तर. पण गाडी गॅरेजात जाऊ द्या."

सासूबाईंनी आपल्या डोळ्यांवरून एकदा बोटं फिरवली.

"म्हणजे एक काढायचा असला की तुम्हाला एक काढता येतो?"

"येतो."

"नेहमी?"

"नेहमी."

"आज काय काढत होतात?"

"एक."

"मग दोन कुणी काढले?"

थंड होणारं इंजिन टिकटिकत होतं. जावयाच्या ध्यानात आलं की आपण एका वाक्यात आधीची सगळी उत्तरं खोटी ठरवली आणि आजची तेवढी खरी करून ठेवली. असा कबुलीजबाब जगात दुसऱ्या कुणी दिला नसेल.

"इतके दिवस तुम्ही होतात," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आज हे आलेत."

"आई, कशाला नाही म्हणतील ते? तुम्ही या गाडीत मरावं म्हणून?"

"छे. वेडे आहात का? तुम्हाला तरी कवळी नीट का करू दिली नव्हती ह्यांनी?"

"माझी चूक मला ऐकू यावी म्हणून."

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला आपण सहावीत असल्यासारखं वाटलं.

"जावईबापू, सगळ्या जगाला तुमच्याशीच काम असतं का हो? ऑपरेशनच्या आधी चार वर्षं मला माणूस म्हणजे नुसता एक डाग दिसायचा. हे घरात कुठे आहेत ते मला त्या टकटकीवरून कळायचं. आत आहेत, बाहेर आहेत, जिन्यात आहेत. तुम्ही नीट करून देतो म्हणालात, तेव्हा मीच ह्यांना म्हटलं होतं, नका देऊ, मग तुम्ही मला सापडायचे नाहीत." त्या थांबल्या. "ह्यांना कुठे ठाऊक आहे मला आता दिसतं ते. ऑपरेशन तर हे गेल्यावर झालं. तेही तुम्ही ठरवलेलं."

जावई काचेतून समोर बघत राहिला. सहा वर्षं तो एका टकटकीचा धनी होता, आणि ती त्याला उद्देशून कधी नव्हतीच. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. थोडं वाईटच वाटलं.

"चला," सासूबाई म्हणाल्या. "परत एकदा घ्या त्याच्यावरून. एकदाच."

"ते धोक्याचं आहे."

"रांगत घ्या. आणि पाय कुठेही ठेवा, आता तुमच्या पायाचा काही संबंध नाही."

कारकुनाने त्यांना परत येताना पाहिलं आणि आतल्यांना हाक मारली. गाडी स्पीडब्रेकरपाशी आली. सासूबाई पुढे वाकल्या, डॅशबोर्डवर तळहात ठेवला, नवऱ्याच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"अहो, ऐका. डोळ्यांचं ऑपरेशन झालं माझं. दोन्ही. मला आता सगळं दिसतं. पोस्टाच्या पाटीवरची अक्षरं दिसतात. तुम्ही दिसत नाही, तेही दिसतं." त्यांचा आवाज किंचित खरखरला, मग सरळ झाला. "आता वाजत राहायची गरज नाही. करू ना दुरुस्त?"

डावं चाक चढलं. उतरलं.

टक.

एकच, पण तसला टक त्यांनी कधी ऐकला नव्हता. तो पायांतून, सीटमधून, दातांतून गेला. गाडीचा डावा कोपरा एखाद्याने खुर्चीत बसावं तसा सावकाश खाली बसला. चाक बाहेरच्या बाजूला वाकडं होऊन मडगार्डखाली आडवं पडलं. स्टिअरिंग जावयाच्या हातात गरगर मोकळं फिरलं, कशालाच न जोडलेलं. गाडी जागच्या जागी उभी होती. रांगत होती म्हणून, नाहीतर पुढे उतार होता.

कारकून धावत आला. "काय झालं? काय झालं हो?"

"हो म्हणाले," सासूबाईंनी सांगितलं आणि दार उघडून स्वतःच्या पायांनी खाली उतरल्या.

मेस्त्री टोचन घेऊन आला. गॅरेजात त्याने तुटलेली गोटी जावयाच्या तळहातावर ठेवली. एका बाजूने ती झिजून चपटी झाली होती, दाढेसारखी.

"दुसरा आवाज कशाचा होता?" जावयाने विचारलं. "ब्रेक न लावता दोन येत होते आज."

"वाजण्यासारखा एकच भाग होता. बाकी सगळं मी सकाळीच हलवून पाहिलंय, घट्ट आहे. ब्रेक लागला असेल."

"नव्हता लावला. पाय पायाखाली दाबला होता."

मेस्त्रीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "मग ब्रेक लागला असेल," तो म्हणाला आणि हात पुसत आत निघून गेला.

चार दिवसांनी गाडी आली. नवे बॉल जॉइंट, दोन्हीकडचे. नवे बुश, नवे टायर, स्टिअरिंगमधला प्ले गेलेला. जावयाने नुसता विचार केला तरी ती वळायची. आरसा लावला तिथे राहिला, आणि ते त्याला जास्त अवघड वाटलं. सकाळी कपाटातल्या ग्लासाचं पाणी सासूबाईंनी बदललं नव्हतं. कवळी पुसून, रुमालात गुंडाळून त्यांनी जावयाच्या हातात दिली होती. "ठेवा तुमच्याकडे," एवढंच म्हणाल्या होत्या. ती त्याच्या खिशात होती आणि बसताना प्रत्येक वेळी तो जरा जपून बसत होता.

पोस्टासमोरचा स्पीडब्रेकर आला. जावयाने ब्रेक लावला नाही, सोडलाही नाही. गाडी चढली, उतरली. काही नाही. कारकुनाने खिडकीतून हात केला.

आणि मग डाव्या सीटवरून स्पष्ट आवाज आला. टक.

जावयाच्या हातून स्टिअरिंग सुटता सुटता राहिलं. सासूबाईंनी जीभ टाळूला लावून वाजवली होती. त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या.

"आई! काय हे?"

"काही नाही. आता हे विचारतात, मी सांगते."

"काय विचारलं त्यांनी?"

"जावई नीट चालवतो का गाडी, म्हणाले."

जावयाने स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं, वेग कमी केला, वळणावर सिग्नलही दिला. गाडी शाळा ओलांडून, उतार उतरून, घराच्या फाटकापर्यंत एका रेषेत आली.

सासूबाईंनी जरा विचार केला. मग उत्तरातला राहिलेला दुसरा वाजवला.

टक.