वळून पाहतो

सिनेमा मुळातच सव्वादोन तासांचा होता. पण दिग्दर्शकाच्या पोटातलं म्हणे सगळं सांगून झालं नव्हतं, म्हणून दोन वर्षांनी त्याने डायरेक्टर्स कट काढला, आणखी अडतीस मिनिटांनी लांब. थिएटरमध्ये एकदा कोसळलेली इमारत आता दोनदा कोसळत होती. खलनायकाला बालपण मिळालं होतं. आणि सिनेमाचा उडणारा नायक वादळवीर पाठीवर फडफडणारं कापड घ्यायला स्वतः दुकानात जात होता, तेही घासाघीस करून. ही सगळी भर ताईच्या डोक्यावर पडली, कारण ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरचं वर्णन लिहिणं हे तिचं काम. दोन संवादांच्या फटीत मावेल तेवढंच लिहायचं. नियम एकच: दिसेल ते लिही, वाटेल ते नको.

ताई हे काही तिचं नाव नव्हे. धाकटा भाऊ तिला तशी हाक मारायचा आणि त्याचं ऐकून अख्खा स्टुडिओ तीच हाक मारू लागला. धाकट्याची नजर सव्विसाव्या वर्षी गेली. तेव्हापासून तो इथेच होता आणि ताईने लिहिलेलं प्रत्येक वर्णन ध्वनिमुद्रणाआधी ऐकून तपासायचा. कुठे कळत नाही, कुठे शब्दांचा भुसा झालाय, ते तोंडावर सांगायचा. सख्ख्या बहिणीचीही भीडभाड ठेवायचा नाही. नवी आवृत्ती आल्याचं कळल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "आंधळा मागतो एक डोळा, दिग्दर्शक देतो दोन."

स्टुडिओच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की जुन्या दृश्यांची वाक्यं आहेत तशी उचलायची, फक्त नव्या अडतीस मिनिटांचं लिहायचं. ताईने दोन पडदे शेजारी शेजारी लावले, डावीकडे थिएटरमधली आवृत्ती, उजवीकडे नवी, आणि कामाला लागली. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. घोडं अडलं ते शेवटच्या दृश्यापाशी.

शेवटी वादळवीर गच्चीवर उभा असतो आणि खाली फूटपाथवरून त्याचा बाप निघून जात असतो. लहानपणी याला टाकून गेलेला तोच बाप. जुन्या आवृत्तीत हे दृश्य चार सेकंदांचं होतं. बापाची मान वळायला लागते आणि पडदा काळा होतो. ताईने तेव्हा लिहिलं होतं, 'बाप वळून पाहतो.' नव्या आवृत्तीत तेच दृश्य अकरा सेकंद चालत होतं. मान पुरती वळत होती, पण गच्चीकडे नव्हे. गाडी येत नाही ना एवढं बाप बघत होता. मग तो रस्ता ओलांडून चालू लागत होता.

ताईने ती अकरा सेकंदं सहा वेळा पाहिली. दोन वर्षांपूर्वी आपण वाटेल ते लिहिलं, हे तिला मान्य करावं लागलं. आणि नेमकं तेच वाक्य धाकट्याचं लाडकं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने तिचं एकच वाक्य चांगलं म्हटलं, ते हे. घरीसुद्धा तो हा सिनेमा लावायचा, पण फक्त शेवटची पाच मिनिटं. माणसं उडतात ते सोडून हा चालणारा बाप काय ऐकत बसतो, म्हणून त्याची बायको करवादायची.

कारण ताईला ठाऊक होतं. ती अकरा वर्षांची आणि धाकटा आठचा असताना त्यांचे बाबा एका सकाळी बॅग घेऊन निघाले. धाकटा तापाने खाटेवर पडून होता, ती खिडकीत उभी होती. खाटेवरूनच त्याने विचारलं, बाबांनी वळून बघितलं का गं? ती म्हणाली, हो, बघितलं. बाबा पुन्हा आले नाहीत. ते 'हो' मात्र एकतीस वर्षं घरात नांदत होतं.

जुनं वाक्य उचलून ठेवलं असतं तर कुणी विचारायला येणार नव्हतं. डोळे असलेले लोक हे वर्णन ऐकत नाहीत, आणि ऐकणाऱ्यांना ताई सांगेल तेच दिसतं. बदललं तर धाकट्याला सिनेमातलं खोटं कळणार, आणि तिथून खिडकीतल्या खोट्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागणार नव्हता. त्याने पुन्हा आपल्या शब्दावर विश्वास ठेवला नाही तर काय? तिने जुनं वाक्य टाकलं, पुसलं, पुन्हा टाकलं. न दिसणाऱ्याला फसवायला अक्कल लागत नाही. त्या सोपेपणाचीच अखेर तिला लाज वाटली आणि तिने नवं वाक्य लिहिलं.

दुपारी चहाचे दोन कप घेऊन ती धाकट्याच्या खोलीत गेली आणि सगळं वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य आलं. "बाप रस्त्यावर गाडी येत नाही ना ते बघतो, रस्ता ओलांडतो आणि जातो."

धाकट्याने हेडफोन काढून गळ्यात अडकवला.

"म्हणजे वळून पाहत नाही," तो म्हणाला.

"नाही. तेव्हा चित्र मध्येच कापलं होतं. उरलेलं मी मनाने भरलं."

"आणि आपले बाबा?"

ताईने कप खाली ठेवला. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"नाही बघितलं. कोपऱ्यापर्यंत मी बघत होते. एकदाही नाही."

तो उठून जाईल असं तिला वाटलं. तो उठला नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "त्यांच्या बुटांना नाल ठोकलेले होते. खाटेवरून ऐकत होतो मी. वळून बघणाऱ्याचं एखादं तरी पाऊल चुकतं, तायडे. त्यांचं एकही चुकलं नाही. या सिनेमातल्या बापाचंही नाही, जुन्यातसुद्धा."

"मग ते वाक्य इतक्यांदा कशाला ऐकायचास?"

"बापासाठी नव्हे. तू 'हो' म्हणाली होतीस ना, त्यासाठी."

ताईला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. त्याच्यापासून आवाज लपवण्याची सोयच नव्हती. त्याने तिला रडू दिलं, हाताने चाचपून आपला कप शोधला आणि चहा संपवला.

"वाक्य लांब झालंय," मग तो म्हणाला. "पावलं ऐकू आली पाहिजेत. तोड ते."

ताईने नाक पुसलं आणि लिहिलं: बाप गाडी येते का बघतो. रस्ता ओलांडतो. जातो.