तळघरातली केळ

निवृत्त न्यायाधीशांनी भर हिवाळ्यात बनियनवर दार उघडलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या शोभेच्या मेणबत्त्या न पेटवताच कमरेतून वाकल्या.

‘तुमच्या हातून निवडुंगसुद्धा जगायचा नाही,’ असं एक बायको एका नवऱ्याला म्हणाली.

बाहेर बर्फ. आत पंखे.

या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे फक्त बंबाकाकांना ठाऊक होतं. इमारतीचा बॉयलर त्यांच्या ताब्यात, म्हणून ते बंबाकाका. बोलणी खाऊन खाऊन माणूस निगरगट्ट होतो, पण निवडुंगाचं वाक्य त्यांच्या वर्मी लागलं. कारण निवडुंग खरंच मेला होता. काकांनी लाडानं पाणी पाजून पाजून मारला होता.

मग ते काकूंना घेऊन रोपांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, “कितीही पाणी घातलं तरी कमीच पडेल, असं काहीतरी द्या.”

दुकानदारानं केळीचं रोप दिलं. छंद लागला तो असा.

बॉयलरच्या उबेला केळ रमली. नवं पान सुरळीतून उलगडू लागलं की काका जेवण विसरायचे. पण थंडी वाढली आणि एक पान कडेनं करपलं. बॉयलर किती चढवायचा याचा नियम भिंतीवर टांगलेला होता. काका आधी भिंतीकडे बघायचे, आता पानाकडे बघू लागले. पान मरगळलं की चावी जराशी पुढे. रोगी तळघरात, औषध सगळ्या इमारतीला.

शेवटी घाम पुसत कमिटीच खाली उतरली. सर्वांत पुढे अध्यक्षीणबाई.

“हे काय आहे?”

“केळ.”

“आम्ही वर उकडून निघतोय आणि तुम्ही इथं बाग फुलवताय?”

“बाग कसली बाई, एकुलती एक आहे.”

“उद्या सकाळी बाहेर ठेवा.”

बाहेर म्हणजे बर्फात. काका कुंडीपुढे जाऊन उभे राहिले. काकू डबा घेऊन आल्या होत्या, त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या.

“एक मिनिट,” न्यायाधीश म्हणाले. “हिला घड कधी येणार?”

सगळ्या कमिटीच्या माना केळीकडे वळल्या. काकांनी तोंड उघडलं.

“हे धरा,” म्हणत काकूंनी डब्याचं झाकण त्यांच्या हातात दिलं. काकांनी झाकण धरलं आणि तोंड मिटलं.

“उष्णता इमारतीची, म्हणजे घडही इमारतीचा,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

“उष्णता वर चढते. सगळ्यात जास्त घाम आम्ही गाळलाय,” वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले. “मोठी फणी आमची.”

“वा! तळमजल्यानं काय सालं चघळायची?”

न दिसलेल्या केळ्यांवरून दोन शेजाऱ्यांचं बोलणं तुटलं. तासाभरानं ठराव झाला. घड येईपर्यंत केळीला कोणी हात लावायचा नाही आणि बॉयलरही उतरवायचा नाही. घड वाटून झाला की त्याच दिवशी केळ तोडायची. नियम म्हणजे नियम.

“मान्य?” अध्यक्षीणबाईंनी करड्या आवाजात विचारलं.

काकांनी मान खाली घातली. “मान्य.”

“फार कडक वागलो का हो आपण?” जिन्यात कुणीतरी कुजबुजलं.

तेव्हापासून न्यायाधीश अधूनमधून बनियनवरच खाली येतात.

“काही हालचाल?”

“वाट बघतोय, साहेब.”

“बघा, बघा. धीर हवा.”

ते गेले की काकू कुंडीतल्या मातीत बोट खुपसून बघतात.

“पाणी घातलंत?”

“घातलं.”

“अजून घाला.”

रोप विकताना दुकानदारानं दोघांनाही नीट सांगितलं होतं: ही शोभेची जात आहे, कुंडीत हिला घड धरत नाही.