माझी एक प्रत बाहेर आहे

मित्रांनो, मी एक जुना विनोदी अंक आहे, आणि मला माणसांच्या हसण्याची भीती वाटते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्या मधल्या पानावर एका ज्यू फेरीवाल्याचं रंगीत व्यंगचित्र होतं. आकड्यासारखं वाकडं नाक, जाड ओठ, पाठीला पोक आणि छातीशी कवटाळलेली पैशांची थैली. चित्रकाराने असा माणूस कधी पाहिलाच नव्हता. आधीच्या अंकांतलं नाक त्याने गिरवलं, पुढे त्याचं बघून दुसऱ्याने गिरवलं. ज्यू म्हणजे लोभी, ज्यू म्हणजे कपटी, हे शब्दांत लिहावंच लागत नसे. नाक काढलं की काम झालं.

पेनसिल्व्हेनियातल्या एका गावी मी न्हाव्याच्या दुकानात राहिलो. गिऱ्हाइकं मला हातोहात फिरवायची, "काय झकास काढलंय!" म्हणायची. मलाही बरं वाटायचं. एकदा सुया-दोरे विकणारा एक ज्यू फेरीवाला आत आला. त्याचं नाक चांगलं बसकं होतं. तरी दोघांनी त्याला धरलं आणि मला त्याच्या गालाशी लावून तुलना केली. सगळे खो-खो हसले. तोही हसला. पण त्याचा गाल माझ्या कागदाशी थरथरत होता. भीती माझ्यात शिरली ती तेव्हा.

पुढे मी एका घरी, माळ्यावरच्या पेटीत गेलो. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या घरातला एक सैनिक जर्मनीहून परतला आणि तिथलं एक वर्तमानपत्र त्याने माझ्या अंगावर ठेवलं. त्यावर तेच नाक होतं, तीच थैली. तिथे मात्र लोक हसून थांबले नव्हते. लाखो ज्यू माणसं, लेकराबाळांसकट, मारली गेली होती. हे त्या सैनिकाने आईला सांगितलं, ते मी पेटीतून ऐकलं. त्या कागदाखाली मी वर्षानुवर्षं दबून होतो.

२००५ साली पेनसिल्व्हेनियातल्याच स्टेट कॉलेज नावाच्या गावात, चर्चच्या जुन्या वस्तूंच्या सेलमधून सुशांतने मला घरी आणलं. सुशांत पुण्याचा, त्याची बायको रेणू नागपूरची. दोघंही विद्यापीठात पीएचडी करत होती. खालच्या मजल्यावर मिसेस अॅडलर नावाच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. रेणूला बर्फात ड्राइव्ह करायला त्यांनीच शिकवलं होतं.

इंडियन मुलांची पत्ते खेळायची पार्टी ठरली. पोस्टरसाठी सुशांतने मला स्कॅन केलं आणि चित्राखाली लिहिलं, 'कंजुषांना एंट्री नाही!'

"रेणू, बघ ना, कसला भारी म्हातारा आहे यार!"

रेणू पेपर तपासत होती. न बघताच ती "हं" म्हणाली. सुशांतने माझ्या प्रती लॉन्ड्री रूममध्ये, डिपार्टमेंटच्या बोर्डवर आणि बसस्टॉपवर लावल्या.

संध्याकाळी रेणू कपडे धुवायला खाली गेली आणि धावतच परत आली.

"सुशांत, ते पोस्टर तू लावलंस? मिसेस अॅडलर त्याच्यासमोर नुसत्या उभ्या होत्या. मग घरात गेल्या, आतून कडी लावली. मी हाका मारल्या तरी दार उघडत नाहीयेत."

"अगं, जोक आहे. एक कंजूस म्हातारा..."

"तो ज्यू आहे. आणि त्याही ज्यू आहेत!"

सुशांतचा चेहरा उतरला. त्याने मला उचललं आणि गॅस पेटवला. माझा कोपरा तपकिरी झाला. एवढ्यात दारावर टकटक झाली. मिसेस अॅडलर भिंतीला धरून उभ्या होत्या.

"हे कोणी लावलं, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "मी या बिल्डिंगमध्ये राहू शकते का, ते मला कळायला हवं."

"मी लावलं," सुशांत कसाबसा म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं."

त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "युद्धाआधी, लहानपणी, मी बर्लिनच्या शाळेत होते. मास्तरांनी मला फळ्यापाशी उभं केलं, शेजारी असंच चित्र टांगलं आणि पट्टीने माझं नाक मोजलं. माझी जिवलग मैत्रीण समोरच बसली होती. ती हसली. तिलाही माहीत नव्हतं."

रेणूने त्यांचा हात हातात घेतला.

"तो गॅस बंद कर," त्या सुशांतला म्हणाल्या. "हा अंक जळला, तर ज्याला माहीत नाही त्याला मी काय दाखवू?"

आता मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मिसेस अॅडलरनी सांगितलेली हकिकत रेणूने लिहून माझ्याबरोबर ठेवली आहे. मुलं आधी ती वाचतात, मग मला उघडतात. तरीही प्रत्येक वेळी मी धास्तावतो.

त्या संध्याकाळी सुशांत सगळीकडे फिरून माझ्या प्रती काढून आला. बसस्टॉपवरची मात्र मिळाली नाही. काचेवर चिकटपट्टीचे तुकडे तेवढे उरले होते. कोणीतरी ती अलगद काढून नेली होती. फाडून टाकायला नेली, की भिंतीवर लावायला?

मित्रांनो, त्या प्रतीबरोबर कोणतीही हकिकत नाही. नुसतं नाक आहे, थैली आहे आणि खाली एक विनोद. उद्या ती कोणी तुमच्या हातात देईल आणि तुमच्या तोंडाकडे बघत तुम्ही हसण्याची वाट पाहील. तेव्हा हसू नका. तिच्या मागच्या बाजूला, जमेल तसं, मी सांगितलं ते लिहा.