तारांगणातला खोकला

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. तारांगणाच्या गोल छताखाली, खुर्च्यांच्या मधोमध उभा असतो. कारागिरांनी माझ्या लोखंडी डोक्याला बारीक बारीक भोकं पाडली आणि आत दिवा बसवला. भोकांतून उजेड गेला की छतावर तारे उगवतात. एवढंच माझं कसब. नवा होतो तेव्हा लोक तोंडात बोट घालायचे. आता माना वर करून जांभया देतात. त्याचं मला काही वाटत नाही.

माझी बटणं सांभाळणाऱ्या बाईंनाही हल्ली काही वाटेनासं झालं होतं. त्यांचे यजमान इथले निवेदक. ते बोलायचे आणि बाई तारे फिरवायच्या. बाईंचं एखादं म्हणणं पटलं नाही की ते आधी खोकायचे, मग वाद घालायचे. गेल्या वर्षी ते वारले. तेव्हापासून बाई त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण लावतात. त्यात ते ठासून सांगायचे, "दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं कुटुंब. विश्वातल्या सगळ्या दीर्घिका केव्हाच तयार झाल्या. आता नवी दीर्घिका होणे नाही." मग एक खोकला. बाई समोर बघत बसायच्या. रडायच्यासुद्धा नाहीत.

एके दिवशी तारांगणाचे साहेब आले.

"बाई, ते वाक्य चुकीचं आहे हो. पूर्वीइतक्या नाही, पण नव्या दीर्घिका अजूनही बनतात. सगळं निवेदन पुसून नव्या माणसाकडून करून घेऊ."

"ह्यांचा आवाज आहे तो," बाई म्हणाल्या.

"कळतंय मला. पण मुलांना चुकीचं कसं सांगायचं?"

"मग तेवढंच बदलते. बाकीच्याला हात लावू नका."

साहेब गेल्यावर बाईंनी यजमानांचं चुकलेलं वाक्य कापलं आणि तिथे स्वतःचा आवाज भरला. खोकला कापायला मात्र हात धजेना.

दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं आली. साहेबही मागे येऊन बसले. मी तारे लावले. यजमानांनी ताऱ्यांच्या कुटुंबाचं सांगितलं आणि लगेच बाईंचा आवाज आला, "बहुतेक दीर्घिका फार पूर्वी तयार झाल्या. पण नव्या अजूनही होतात. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या, की बाहेर फेकल्या गेलेल्या वायूतून कधी कधी एखादी छोटी दीर्घिका जन्माला येते."

आणि खोकला आला.

"बघा! अजून पटत नाही ह्यांना," बाई म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. हसता हसता रडायला लागल्या. वर्षभराचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मलाही फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

उजेड झाल्यावर साहेब जवळ आले. "राहू द्या असंच," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, आपल्या माणसाचं काही चुकलं असेल तर जरूर दुरुस्त करा. त्याचा खोकला मात्र राहू द्या.