तीन ते सात

कागदावर विशाखा गेल्या तीन वर्षांपासून वाळूजच्या एका कारखान्यात हेल्पर होती. तिच्या नावानं पीएफ कापला जायचा, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड होतं, दर महिन्याच्या दहा तारखेला तिच्या खात्यात पगार पडायचा. आणि कारखाना म्हणाल तर तिनं एकदाच पाहिला होता, तोही गेटबाहेरून, नवरा घरी विसरलेला डबा द्यायला गेली तेव्हा. आता याला काय म्हणावं? शेजारपाजारच्या बायकांनी विचारलं तर ती "कंपनीत हाय मी" म्हणायची आणि विषय बदलायची.

भानगड अशी होती. तिचा नवरा धम्मपाल प्रेस मशीनवर. मोटरसायकलला लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या दाबायच्या, त्यांना भोकं पाडायची. ड्युटी सकाळी साडेसहा ते दुपारी तीन, आणि तीनच्या पुढं रोज चार तास ओव्हरटाइम. कारखाना काही त्याला आपला माणूस मानत नव्हता, तो ठेकेदाराचा. ठेकेदार राजेंद्र त्यांच्याच पाचोडचा, मोठ्या जमीनदाराघरचा, बोलायला गोड. गावची तीस-पस्तीस माणसं त्यानंच आणून बजाजनगरात वसवली होती, त्यामुळं त्याच्यापुढं कुणाचा आवाज निघत नसे.

एका माणसाकडून एवढा ओव्हरटाइम घेता येत नाही, आणि घेतला तर पैसे दुप्पट मोजावे लागतात. राजेंद्रनं त्यावर मस्त तोड काढली होती. धम्मपालचे जास्तीचे तास तो धम्मपालच्या नावावर धरायचाच नाही. रोज तीन ते सात अशी बायकोच्या नावानं हजेरी लावायची, आणि महिन्याचे एकशे चार तास होत, त्याचे पगाराला आठ-आठ तासांचे तेरा दिवस करायचे. बायकोचं आधार कार्ड दे, पासबुकाची झेरॉक्स दे, झालं. पैसे साध्या दरानं तिच्या खात्यात. त्याच्याकडच्या निम्म्या घरांत हेच चालायचं, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. उलट बायका खूश, की आपल्या नावानं चार पैसे येतात, नवऱ्यापुढं हात पसरावा लागत नाही. विशाखाही खूश होती, खोटं कशाला बोला.

दीड वर्षापूर्वी तिला मुलगा झाला, तेव्हा तर राजेंद्र स्वतः फॉर्म घेऊन घरी आला. म्हणाला, वहिनी, तुम्ही कामगार आहात, बाळंतपणाची भरपगारी रजा तुमच्या हक्काची आहे, सोडता कशाला. त्यानं जिथं बोट ठेवलं तिथं विशाखानं सह्या केल्या. रजेचा प्रत्येक दिवस पूर्ण पगाराचा धरतात, त्यामुळं सहा महिन्यांत ईएसआयकडून सत्त्याऐंशी हजार रुपये आले, आणि तेवढ्या काळात धम्मपालच्या जास्तीच्या तासांचे पैसे राजेंद्र रोख द्यायचा. त्यातून खोलीचं डिपॉझिट भरलं, नणंदेच्या लग्नातली उसनवारी फिटली आणि एक फ्रिज आला. त्या आनंदात तिनं राजेंद्रला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली होती. आता आठवलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण तेव्हा तो देवमाणूस वाटला होता.

मागच्या महिन्यात धम्मपालच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलं. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, मशीनवर उभं राहून अकरा तास. तो स्वतःच म्हणाला, उभ्या उभ्या डोळा लागला, कळलंच नाय. राजेंद्रनं त्याला गाडीत घालून खासगी दवाखान्यात नेलं, बिलही खिशातून भरलं. पण अपघाताचा कागद काही केला नाही. ईएसआयच्या दवाखान्यात का नेलं नाही, तिथं पुढचे पैसे तरी मिळाले असते, असं विशाखानं विचारलं, तेव्हा त्यानं हात जोडले.

"वहिनी, समजून घ्या. साडेपाचला धम्मपाल कंपनीत नव्हताच. त्या टायमाला मशीनवर तुम्ही होता."

विशाखाला आधी हसू आलं. मग त्या वाक्याचा अर्थ हळूहळू डोक्यात शिरला. उद्या त्याचा पंजा गेला असता, तरी कागदावर तो तीनलाच घरी पोचलेला. म्हणजे तो धडधाकट, आणि पंजा कुणाचाच नाही.

त्या दिवसापासून तिच्या मनानं एकच ध्यास घेतला. नवरा तीनला घरी आला पाहिजे. पैसे कमी येऊ देत, भाजी-भाकरीवर भागवू, पण माणूस शाबूत पाहिजे. धम्मपाल ताटावर बसल्या बसल्या पेंगायचा, घास हातात तसाच राहायचा. बोटाची पट्टी निघायच्या आतच तो पुन्हा बारा तासांवर गेला होता, आणि ती रोज सात वाजेपर्यंत दाराकडं डोळे लावून बसायची.

अशात एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर तनुजा नावाची पोरगी बोलायला उभी राहिली. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती, बजाजनगरातलीच, बाप कामगार. ती ओव्हरटाइमचा हिशोब फळ्यावर मांडून सांगत होती. आठ तासांची ड्युटी या देशात कुणी आणली हे त्या हॉलमध्ये कुणाला सांगायची गरज नव्हती, पण नवव्या तासाचं काय होतं हे फार थोड्यांना ठाऊक होतं. एका दिवसाच्या पगाराला आठानं भागा, म्हणाली, आणि त्याची दुप्पट करा. तो तुमच्या जास्तीच्या एका तासाचा भाव.

विशाखाला आकडेमोड लहानपणापासून सोपी जायची. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या ओव्हरटाइमचे तास ती भिंतीवरच्या कॅलेंडरात पेनानं लिहीत आली होती, जुनी कॅलेंडरंही पेटीत ठेवलेली. घरी येऊन तिनं ती काढली. दिवसाचे चारशे ऐंशी, म्हणजे तासाचे साठ, दुप्पट एकशे वीस. महिन्याचे एकशे चार तास, बारा हजार चारशे ऐंशी. हातात किती पडतात? सहा हजार दोनशे चाळीस. बरोब्बर निम्मे. छत्तीस महिन्यांचं आजच्या दरानं धरलं तर दोन लाख चोवीस हजार सहाशे चाळीस.

धम्मपालनं तो आकडा तीनदा वाचला. "लई झालं की," एवढंच म्हणाला. पण त्याच्या तोंडावरचा शीण जरा उतरलेला तिला दिसला. हे पैसे मिळाले तर वर्षभर ओव्हरटाइमला हात लावायची गरज नव्हती. तीनला घरी येईन, म्हणाला, पोराला घेऊन फिरायला जाईन. ती संध्याकाळ दोघांनी फार सुखात काढली.

दुसऱ्या दिवशी विशाखा सगळे कागद पिशवीत घालून तनुजाच्या घरी गेली, धम्मपाल सुटल्यावर परस्पर तिथंच आला. तनुजा आधी हरखली. कॅलेंडरं बघून म्हणाली, वहिनी, असा पुरावा वकिलांना सापडत नाही. मग तिनं पासबुक चाळलं आणि बाळंतपणाच्या पैशांची नोंद दिसली तशी थांबली. हे कशाचे, म्हणून विचारलं. विशाखानं सांगितलं. तनुजानं पासबुक मिटून बाजूला ठेवलं.

मग तिनं नीट समजावून सांगितलं. हे तास धम्मपालचे आहेत असं म्हणायचं, तर विशाखा तिथं कधी कामाला नव्हतीच असं आधी म्हणावं लागणार. आणि ती नव्हती म्हटलं, की सत्त्याऐंशी हजार खोटं सांगून उचलले असं होणार. फॉर्मवर सही हिची. पैसे परत मागतील, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. राजेंद्रवरही होईल, पण तो म्हणेल, या नवरा-बायकोनंच मला फसवलं.

"मी तरी म्हणते तक्रार करा," तनुजा म्हणाली. "मी शेवटपर्यंत बरोबर राहीन. पण वहिनींना काही होणार नाही, असा शब्द मला देता येत नाही."

धम्मपाल लगेच उठला. दूध पिणाऱ्या लेकराच्या आईला कोर्टात उभी करून मला रुपया नको, असं म्हणाला आणि चपला घालायला लागला. विशाखानं कागद पुन्हा पिशवीत भरले. वाटेत तिला इतका संताप आला की रडूच फुटेना. त्या मेल्यानं हक्क म्हणून सही घेतली होती, आणि तिनं वाढून वर तूप घातलं होतं. एवढी हिशोबाची पक्की बाई, आणि हे साधं गणित तेव्हा कसं दिसलं नाही. पैसा फुकट आला, की आपली नजर पण तेवढ्यापुरती आंधळी होते, असं तिनं स्वतःलाच सुनावलं.

पण निघताना तनुजा दारात एक गोष्ट बोलली होती, ती विशाखानं धरून ठेवली. मागचं मागू नका हवं तर, पण पुढचा ओव्हरटाइम जबरदस्तीनं कुणी करून घेऊ शकत नाही. बस, तिला तेवढंच हवं होतं. गेले ते पैसे गेले, उद्यापासून तीनला सुटायचं. तिनं नवऱ्याला दोन दिवस समजावलं, आणि तिसऱ्या दिवशी धम्मपालनं राजेंद्रला तोंडावर सांगितलं की मी आठ तासच करणार.

राजेंद्र चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो त्याच संध्याकाळी घरी आला, पोरासाठी बिस्किटाचा पुडा आणला, विशाखाच्या सासूची तब्येत विचारली, चहा घेतला.

"तुझ्या मनावर आहे बाबा. तीनला कार्ड पंच कर आणि घरी ये," तो धम्मपालला म्हणाला. "पण वहिनींचं नाव हजेरीला आहे. ईएसआयनं बाळंतपणाची जुनी प्रकरणं तपासायला काढलीत म्हणे. ही बाई कुठंय, असं साहेबानं विचारलं तर मी कुणाला उभं करू? वहिनींना पाठव. तीन ते सात."

धम्मपालनं बायकोकडं पाहिलं. विशाखानं पोराच्या तोंडाला लागलेलं बिस्कीट पदरानं पुसलं आणि येते म्हणून सांगितलं. ठरवायला तिला फार वेळ लागला नाही. चार तास आपण करू, हा तरी तीनला घरी येईल. तिला जे पाहिजे होतं ते मिळतच होतं, फक्त तिच्या अंगावरून.

सोमवारी पोराला सासूजवळ ठेवून ती पावणेतीनला गेटवर उभी राहिली. वॉचमननं कॉम्प्युटरात नाव पाहिलं आणि म्हणाला, जुन्या आहात की तुम्ही, कधी दिसला नाहीत. आत गेल्यावर प्रेसचा दणका तिच्या छातीत बसला. प्रेस विभागाचा सुपरवायझर हजेरीचा कागद घेऊन आला. नव्या माणसाला आठ दिवस मशीनला हात लावू देत नाहीत, नुसतं शेजारी उभं करून शिकवतात. पण हिच्या नावापुढं तीन वर्षं लिहिलेली, आणि खरं ठाऊक असलं तरी त्याला कागदाप्रमाणंच चालावं लागायचं. मी नवीन आहे असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिला सरळ धम्मपालच्या मशीनवर उभं केलं.

धम्मपाल तीनला पंच करून निघाला होता. लॉकरमधून डबा घेऊन येताना त्यानं लांबून पाहिलं. विशाखानं पट्टी चिमट्यानं न धरता हातानंच आत सरकवली होती, आणि पाय पेडलवर होता. तो डबा टाकून धावला. त्यानं तिचा हात मनगटाला धरून मागं ओढला.

मग तो सुपरवायझरला सांगत राहिला, हिला येत नाय साहेब, पॅकिंगला लावा. सुपरवायझर म्हणाला, तीन वर्षांची बाई आणि येत कसं नाही? तसं लिहून देतोस का? लिहून दिलं तर बायको अडकणार होती. धम्मपाल मशीनजवळून हलला नाही. सुपरवायझरही पोराबाळांचा माणूस होता, शेवटी म्हणाला, थांबायचं तर थांब बाजूला, पण तुझा पंच झालाय, तू आत नाहीस हे लक्षात ठेव.

"तुम्ही घरी जा," विशाखा म्हणाली. "मी शिकते. पाया पडते, जाऊन झोपा."

"पेडलकडं बघ," धम्मपाल म्हणाला. "माझ्याकडं नको बघू. मी म्हणल्यावर दाब."

तो म्हणायचा तेव्हा ती दाबायची. मध्येच त्याला पेंग यायची, मग तो पाण्यानं तोंड धुऊन पुन्हा तिच्या खांद्याशी येऊन उभा राहायचा. पाच वाजले, सहा वाजले. त्यानं बसावं म्हणून तिनं दोनदा विनवलं, त्यानं ऐकलं नाही. तो दुसऱ्या दिवशीही थांबला आणि तिसऱ्या दिवशीही.

सातचा भोंगा झाला की दोघं बरोबर गेटबाहेर पडायची. हजेरीवर चार तास लागायचे, विशाखाच्या नावानं, साध्या दरानं, आणि आता त्यात एक मिनिटही खोटं नव्हतं. धम्मपालचे चार तास कुणाच्याच नावावर नव्हते.